डोक्यावर २,४०० कलमं

३ डिसेंबरला माझ्या हेअर ट्रान्सप्लांटला वर्ष पूर्ण झालं म्हणून लिहायला बसलोय. हे करायच्या आधी मी रात्र रात्र मोबाईलवर व्हिडिओ बघितले, त्यात आधी टक्कल आणि पुढच्या सेकंदाला एकदम भरघोस केस, मधले महिने कोणी दाखवतच नाही. आणि माझी खरी फे फे उडाली ती त्या मधल्या महिन्यांतच.

मी तहसील कार्यालयात महसूल सहायक, सर्जरीच्या वेळी वय ३४, घर पावसच्या बाजूला, वडिलांची थोडी हापूसची बाग. केस जायला लागले चोविसाव्या वर्षी. बाबांचे सत्तरीतही दाट आहेत त्यामुळे आजी सगळा दोष मामावर ढकलायची, डॉक्टर म्हणाले हे दोन्हीकडून येऊ शकतं, म्हणजे मामा उगाच बदनाम झाला. तेल, कांद्याचा रस, जास्वंद, सगळं करून झालं. मग एक दिवस दाखल्यासाठी आलेला चांगला पन्नाशीचा माणूस खिडकीतून मला म्हणाला, "काका, जरा आमचं बघा ना." त्या रात्री ठरवलं.

पहिल्यांदा मे २०२४ मध्ये मुंबईत एका ठिकाणी गेलो. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, कोटवाला एक मुलगा भेटला, त्याने माझ्या डोक्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर केस रंगवून दाखवले आणि म्हणाला ५,००० ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढून लावायचे केस) एका दिवसात, ऑफर आज संध्याकाळपर्यंत, दहा हजार टोकन भरा. डॉक्टर कोण विचारलं तर "ते सर्जरीच्या दिवशी भेटतील." मी पाणी पिऊन आलो म्हणून सांगून खाली उतरलो तो थेट दादर स्टेशन. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ साली स्पष्ट सांगितलंय की हे काम सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, वर्कशॉपात किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं चालत नाही. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेत नाही आणि डोकं असंच देतो.

दुसरे डॉक्टर कोल्हापूरचे, जुलैमध्ये. रत्नागिरीवरून आंबा घाटाने जायचं, मुंबईपेक्षा जवळ आणि सोयीचं. त्यांनी भिंगाने मागचे केस बघितले, मोजले, टक्कल किती ते मोजायच्या नॉरवुड स्केलवर चौथा ग्रेड म्हणाले आणि मला वाटलं होतं त्याच्या उलटच बोलायला लागले. म्हणाले आत्ता नको, आधी चार महिने गोळी घ्या. फिनास्टेराइड, १ एमजी, रोज एक. टाळूवरच्या केसांची मुळं डीएचटी नावाच्या हार्मोनने बारीक होत जातात, गोळी तो हार्मोन कमी करते. दुष्परिणाम पण तिथेच सांगितले, काही जणांना इच्छा कमी होते, काहींना मन उदास राहतं, तसं झालं तर बंद करून फोन करा. हे बायकोसमोर सांगितलं ते बरं झालं, नंतर घरी मला वेगळं काही समजवावं लागलं नाही. गोळी का, तर लावलेले केस टिकतात पण त्यांच्या मागचे मूळचे जातच राहतात, मग पुढे रांग आणि मागे मैदान असं विचित्र दिसतं.

आणि आकडा, मुंबईत ५,००० होता तो इथे २,४००. फक्त पुढची रेषा आणि मधला भाग, मागचा भोवरा आत्ता करायचा नाही. मी जरा नाराजच झालो. तेव्हा म्हणाले, मागच्या बाजूला आहे तेवढाच साठा, तिथून काढला की तिथे परत उगवत नाही, तुमचं वय चौतीस, पुढे अजून किती जाणार आहेत ते मला आत्ता माहीत नाही, सगळं आज खर्च करू नका.

घरी बाबांना हे समजवायचं कसं हा प्रश्न होता. ग्राफ्ट म्हणजे काय विचारलं त्यांनी, मी म्हंटलं कलम. झालं. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, रायवळ रोपावर हापूसची काडी बांधली तरी आंबा हापूसचाच लागतो, खालची जात कुठली का असेना, तसंच ना हे? तसंच. मागच्या केसांना डीएचटीचं काही वाटत नाही, ते उचलून पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. डॉक्टरांनी अर्धा तास चित्र काढून सांगितलेलं बाबांनी एका वाक्यात संपवलं. बायकोचा मुद्दा वेगळा होता, एवढ्या पैशात मागच्या पडवीचे पत्रे बदलून झाले असते. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं.

तारीख नोव्हेंबरची घ्यायची होती. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात प्रवास आणि ओल, त्यामुळे थंडीच बरी. पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि महसूलवाल्याने निवडणुकीत रजा मागणं म्हणजे काय ते आमच्यातल्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी, त्यानंतर सोमवारी सकाळी अर्ज टेबलावर ठेवला. २ ते १३ डिसेंबर अर्जित रजा १२ दिवस, पुढचे शनिवार-रविवार जोडून, मुख्यालय सोडण्याची परवानगी, रजेच्या काळातला पत्ता. कारणात "घरगुती" लिहिलं. वैद्यकीय रजा टाकली असती तर सर्टिफिकेट द्यायचं, हजर होताना फिटनेस द्यायचं आणि मग सगळ्या ऑफिसला कळणार कसलं ऑपरेशन ते. खर्चाची प्रतिपूर्ती मिळते का हे पण हळूच विचारलं, आस्थापना शाखेतल्या मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्या डोक्याकडे बघितलं.

मधल्या काळात रक्त तपासण्या, सीबीसी, साखर, रक्त गोठायची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, शिवाय ईसीजी. आठवडाभर आधी अ‍ॅस्पिरिन, ई जीवनसत्त्वाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद. मासे चालतात का हे मी विचारून घेतलं, मासे चालतात.

२ तारखेला चुलतभावाला घेऊन एसटीने गेलो. ३ ला सकाळी आठला आधी सह्या, मग फोटो, मग डॉक्टरांनी पेनाने पुढची रेषा काढली. मी म्हंटलं अजून थोडी खाली घ्या की, ते म्हणाले पन्नाशीत पण ही रेषा तुमच्याच कपाळावर असणार आहे. मग झिरो मशीन. आरशात बघितलं तर कॉलेजातला एनसीसीवाला मी, फक्त वीस किलो जास्त.

दुखतं का, हे सगळे विचारतात. भूल देताना दुखतं. कपाळाच्या वरून कानांवरून मागे मानेपर्यंत सुयांचं रिंगणच घालतात, दहा मिनिटं डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, त्यानंतर डोकं म्हणजे लाकूड. मग पालथं झोपवलं, तोंडासाठी गादीला भोक, आणि मागून बारीक मोटारीचा आवाज. डॉक्टर स्वतः पंच, म्हणजे केस मुळासकट सोडवायचं पोकळ टोकाचं हत्यार, मारत होते, एक मिलिमीटरपेक्षा लहान असतो तो, आणि दोन ताई चिमट्याने उचलून गार सलाईनच्या डिशमध्ये दहा-दहाच्या ओळी मांडत होत्या आणि मोजत होत्या. दीडला जेवायला उठवलं तेव्हा मी ती डिश बघायला मागितली. एकेक ग्राफ्ट म्हणजे खाली पांढुरकी ओली मुळी आणि वर इवलासा केस, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. लावणीच्या वेळी तरवा उपटून बांधावर ठेवतात ना, मुळाला माती असलेला, तसंच अगदी. एकेरी सगळे पुढच्या रेषेला लावायचे म्हणजे नैसर्गिक दिसतं, दोन-तीनवाले मागे. दुपारनंतर उताणं झोपून लावणी. मी मध्ये दोनदा घोरलो म्हणे. संध्याकाळी साडेपाचला सुटलो. बटणांचा शर्ट घालून जा, टीशर्ट डोक्यावरून काढता येत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि माझा टीशर्ट शेवटी कात्रीने कापला.

बिल ३५ रुपये ग्राफ्ट प्रमाणे ८४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १५,१२०, एकूण ९९,१२०. दवाखान्याच्या बिलावर जीएसटी कसला म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो, पण खरंच आहे, बाकी उपचारांना माफी आहे, केस लावणं कायद्याने कॉस्मेटिक. त्यामुळे रेट विचारताना टॅक्स धरून विचारा. पीआरपीचं (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचतात ते) पॅकेज वेगळं होतं ते घेतलं नाही, डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. ६०,००० पतसंस्थेचं कर्ज, बाकी साठवलेले.

तीन रात्री लॉजवर काढल्या. ४ ला मागचं ड्रेसिंग काढलं, ५ ला त्यांनी स्वतः डोकं धुऊन दाखवलं, शाम्पूचा फेस नुसता टेकवायचा, चोळायचं नाही, मग्याने हळू पाणी, शॉवर बंद. कोल्हापुरात तीन दिवस राहून तांबडा-पांढरा न चाखता आलो, तिखट खाऊन घाम फुटेल ही भीती. परत येताना एसटी नको म्हणून गाडी केली, ४,८०० रुपये, आणि मिऱ्या-नागपूर रस्त्याचं काम चालू होतं त्यामुळे घाटाखाली प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून बसलेलो.

आता घरचा भाग. सात रात्री डोकं उंच ठेवून झोपायचं, साधारण ४५ अंश, आडवं व्हायचं नाही, लावलेल्या जागेला उशी लागता कामा नये. आमच्याकडे एवढी तिरकी वस्तू एकच, ओटीवरची बाबांची आरामखुर्ची. ती मी घेतली. मानेला विमानात वापरतात तसली यू आकाराची उशी, वर मच्छरदाणी, आणि जागा असेपर्यंत दर अर्ध्या तासाला सलाईनचा फवारा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज डोक्यावरून चेहऱ्यावर येते हे सांगितलेलं होतं, पण एवढी येईल वाटलं नव्हतं. आधी कपाळ, मग भुवया, ७ तारखेला सकाळी उठलो तर डोळे दोन फटी. दुखत काही नाही, फक्त आरशात दुसराच माणूस. बर्फ कपाळाला चालतो, ग्राफ्टला नाही.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला वाडीतले तात्या आले. मी ओटीवर, डोक्याचा गोटा, डोळे सुजून लाल, बाबांच्या खुर्चीत. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, हळूच शेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कधी झालं रे?"

म्हंटलं, "मंगळवारी."

"आणि आम्हाला कळवलं पण नाहीस?"

"म्हंटलं कशाला उगाच सगळ्यांना."

"असं कसं बाबा. घरी झालं की दवाखान्यात?"

"कोल्हापूरला. आठ-नऊ तास लागले."

"अरे देवा. त्रास झाला असेल मग."

"सुरुवातीलाच काय तो, नंतर काही कळत नाही."

तात्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. मला तेव्हा पण उजेड पडला नाही, मला वाटलं किती प्रेमाचा माणूस. मग म्हणाले, "आईला सांभाळ हो आता," आणि तेवढ्यात मागच्या दारातून पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले बाबा, मोहोरावर तुडतुडा पडला होता ना, "काय तात्या, चहा टाकायला सांगू?" तात्या जे उठले ते खांबाला धरूनच उभे राहिले. नंतर हसून हसून पुरेवाट झाली, पण पुढचे चार दिवस बाबा येईल त्याला आधीच ओरडून सांगायचे, "मी आहे हो अजून, पोराने केस लावलेत!" म्हणजे घरगुती कारण म्हणून जे झाकलं होतं ते आठवड्यात पंचक्रोशीला माहीत. कोकणात मुंडण केलेला माणूस दिसला की लोक आधी घरातली माणसं मोजतात, हे मी कसं विसरलो देव जाणे. तुम्ही करणार असाल तर शेजारीपाजारी आधी सांगूनच ठेवा.

८ तारखेला खरा घोटाळा झाला. आमचं घर जुनं, माजघराची चौकट खाली, जन्मभर वाकून गेलेला मी त्या दिवशी वरती न बघता सरळ गेलो आणि टण्णकन. रक्ताचा थेंब, पोटात गोळा. गॉझ हलकेच दाबून धरला, डॉक्टरांना फोटो पाठवला, वीस मिनिटांनी उत्तर आलं, दोन-तीन गेले असतील, बाकी ठीक, पुसत बसू नका. पहिले नऊ-दहा दिवस ग्राफ्ट उपटून येऊ शकतात, नंतर मुरतात. आईने संध्याकाळी त्या चौकटीला लाल फडकं बांधलं. बाबा म्हणाले, बांधलेली काडी हलवायची नसते एवढं पण कळू नये?

खपल्यांची खाज मात्र सांगता येत नाही. रात्री मी हातात मोजे घालून झोपायचो. दहाव्या दिवसापासून धुताना फेस जरा जास्त वेळ ठेवून बोटाच्या पेराने गोल गोल, तशा १५ पर्यंत सगळ्या पडल्या. १६ ला सैल टोपी घालून ऑफिसात हजर झालो. हेल्मेट महिनाभर बंद, म्हणजे स्कूटर बंद, एसटीने ये-जा. समुद्र पण महिनाभर बंद. डोक्याचा मागचा भाग बधिर होता तो दीडेक महिना तसाच होता.

आणि जानेवारी. सगळे पडले. म्हणजे लावलेले बारीक केस अंघोळीच्या वेळी हातावर यायला लागले आणि महिनाअखेरीला डोकं पूर्वीपेक्षा भकास, कारण आजूबाजूचे मूळचे पण थोडे गळाले. याला शॉक लॉस म्हणतात, केस पडतो पण मूळ आत राहतं, हे मला पाठ होतं, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, तरी मी एका रात्री दोन वाजता बायकोला उठवून म्हंटलं लाख रुपये पाण्यात. ती म्हणाली, पत्रे. आणि झोपली. मी त्या महिन्यात डॉक्टरांना अकरा फोटो पाठवले, प्रत्येकाला उत्तर एकच, "नॉर्मल आहे." रोज आरसा बघू नका, महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीत, एक फोटो काढा. मला हे फेब्रुवारीत सुचलं.

याच काळात मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केसांचं औषध, चालू केलं. ते लावून उशीवर झोपता आणि घरात मांजर असेल तर जपा, मांजराला ते विषारी असतं, चाटलं तरी. आमची मनी माझ्याच उशीवर झोपायची, तिला दोन महिने खोलीबंदी.

मार्चमध्ये शिमग्याला पालखी नाचवली, सगळे घामाघूम, साडेतीन महिने झालेले, डोक्यावर नुसते पुटकुळ्यांसारखे फोड आलेले. नवीन केस बाहेर पडताना येतात तसे, फोडायचे नाहीत, गरम पाण्याचा कपडा लावायचा. त्यातून एप्रिलमध्ये खरंच केस आले. कुरळे, राठ, अगदी विचित्र, माझे कधी तसे नव्हते. पुढे ते सरळ होत गेले. मेमध्ये आंब्याच्या गडबडीत आठवडाभर आरसाच बघितला नाही आणि मग पेटी देताना एका गिऱ्हाईकाने विचारलं, धाकटे बंधू का?

जूनमध्ये नाक्यावरच्या सलूनमध्ये पहिल्यांदा कापले. मागे तीन नंबरच्या खाली मशीन लावू देऊ नका, पंचचे पांढरे ठिपके दिसतात. आमचा सलूनवाला म्हणतो आता पूर्ण पैसे घेणार.

गणपतीला मुंबईचे सगळे आले, नऊ महिने झाले होते, अर्ध्या जणांच्या लक्षात आलं नाही, उरलेल्यांना बाबांनी सांगितलं. बाबांनी पावसात चाळीस कोय कलमं बांधली होती, त्यातली एकोणतीस लागली. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, तुझ्या डॉक्टरांची आमच्यापेक्षा जास्त लागलीत.

आत्ता कसं आहे ते सांगतो. समोरून रेषा चांगली आहे. वारा सुटला की मधून टाळू दिसते, ओले झाले की अजून दिसते, विशीतले दाट केस परत येत नाहीत, तेवढे ग्राफ्टच नसतात. भोवरा तसाच रिकामा. गोळी रोजची, सध्या तरी बंद करायचा विचार नाही, महिन्याला औषधांचे सातशे-आठशे जातात. सर्जरीचे ९९,१२०, तपासण्या २,२००, नंतरची औषधं ३,१००, प्रवास, लॉज आणि गाडी धरून अंदाजे ९,५००. पतसंस्थेच्या वीस हप्त्यांतले बारा गेले, आठ राहिले. ते संपले की पडवीचे पत्रे, असं लेखी नसलं तरी ठरलंय.